कजागला झोप येईना

९ ऑगस्ट

ताई,

फोन केला की तू उचलतेस, माझा ‘हॅलो’ ऐकतेस आणि ठेवून देतेस. म्हणजे तू ठणठणीत आहेस आणि कानही शाबूत आहेत, एवढं कळतं. म्हणून आता पत्र. पत्र फाडायचं तरी आधी उघडावं लागतं, आणि उघडलेलं पत्र न वाचता फाडणारी तू नाहीस.

प्रकृती विचारत नाही. विचारली तर म्हणशील, काम असल्याशिवाय ही बया विचारायची नाही. कामच आहे. एकच प्रश्न आहे: आबांची काळ्या द्राक्षाची वेल, आपली कजाग, काडीच्या बुडापासून मोजून कितव्या डोळ्यातून फुटलेल्या कोंबावर घड देते?

एका कार्डावर नुसता आकडा लिहून टाक. सही नको. तुझा राग मला अक्षरावरून ओळखू येतो.

कारण असं की मालक परवा बागेत आले होते. माणूस वाईट नाही, पण त्याला सगळं आज हवं असतं. युरोप फिरून आला, आपल्या तिकडची वाइन चाखली आणि ठरवून बसला की हेच द्राक्ष आपल्या गरम मातीत लावायचं. लावून चार वर्षं झाली. वेली दांडग्या झाल्यात, मांडव हिरवागार आहे, आणि दोन हंगामांत घडाच्या नावानं शून्य. बागेच्या कडेला उभे राहून मालक म्हणाले, “बाई, पानांची वाइन होते का?”

मी म्हटलं, “नाही.”

“मग ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड दिसले नाहीत, तर हा पट्टा उपटायचा. खायच्या द्राक्षांची रोपं सांगून ठेवलीत मी.”

पट्टा उपटला की माझं कामही गेलं, आणि कामाबरोबर मिळालेल्या या दोन खोल्याही. पण तुला त्याचं काय? तुझ्यासाठी म्हणून सांगते, या देशात कजाग फक्त इथे आहे. उपटली की संपली. आबांचं नाव कुणी घेतलं नाही तरी त्यांची वेल समुद्र ओलांडून आली होती, एवढं तरी राहू दे.

हे मजेत आहेत. सध्या कामानिमित्त बाहेर असतात.

तुला आवडो न आवडो, तुझीच
भिंगरी


२७ ऑगस्ट

ताई,

अजून आकडा आला नाही. टपाल हरवलं असं मी स्वतःला सांगते, पण विश्वास बसत नाही. मूग गिळून गप्प बसायची तुझी लहानपणापासूनची सवय. आबा ओरडले की मी थयथयाट करायचे आणि तू शांतपणे कात्रीला धार लावत बसायचीस. मार मात्र मलाच.

तुझा राग कशाचा आहे ते मला माहीत आहे. पण माझाही आहे, आणि तो कशाचा आहे ते तू सोयीनं विसरतेस, म्हणून आठवण करून देते.

ह्यांनी मालकांपुढे फुशारकी मारली, “माझ्या सासुरवाडीला तेच द्राक्ष आहे.” मग मी तुला विनवलं, आणि तू हिवाळ्यात काड्या कापून पाठवल्यास, ओल्या शेवाळात आणि गोणपाटात गुंडाळून. हे सगळं मान्य. इथल्या तपासणीच्या ऑफिसात जुड्या अडकून पडल्या. त्यांनी नमुना म्हणून एका जुडीच्या दोन्ही टोकांचे तुकडे काढून घेतले, बाकीच्या नुसत्या औषधाच्या गरम पाण्यातून काढल्या. मग लागवड झाली. आणि काय झालं? ती नमुन्याची एक जुडी तरारून आली. बाकीच्या सगळ्या काड्या जागच्या जागी वाळल्या.

मालक ह्यांना म्हणाले, “वरती एक जुडी चांगली ठेवून खाली सरपण भरलंय तुमच्या मेहुणीनं. तोंडाला पानं पुसली.” हे भडकले आणि तुला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं. मी शेजारीच उभी होते. मलाही तेच वाटत होतं, ताई. आजही थोडं वाटतं. तुझ्या मनात काड्या द्यायच्याच नव्हत्या. “जिथली वेल तिथंच शोभते” असं तू आबांच्या खुर्चीत बसून म्हणाली होतीस, आणि नजर माझ्यावर होती.

आज बागेत ज्या वेली आहेत त्या सगळ्या त्या एका जुडीची लेकरं. आणि त्यांचं दुखणं असं की त्यांना झोपच येत नाही. तिकडे थंडी पडली की वेल पानं टाकते, निजते, वसंतात ताजीतवानी उठते. इथे थंडी म्हणजे अंगावर एक चादर जास्त. वेलीला कळतच नाही की दिवस मावळला. बारा महिने नुसती शेंडे फेकत सुटते, माझ्यासारखी. इथले लोक द्राक्षाला जबरदस्तीनं निजवतात. पाणी तोडून बागेला ताण देतात, हातानं पानं ओरबाडतात, काडी छाटतात आणि डोळ्यांना औषधाची पेस्ट लावून परत उठवतात. पण काडी छाटली की इथे फक्त टोकाचे एकदोन डोळे फुटतात, खालचे मख्ख बसून राहतात. म्हणून घडाचा डोळा कितवा ते आधी कळायला हवं, आणि कात्री नेमकी त्याच्या वर चालायला हवी. दोन वर्षं आम्ही आबांसारखं दोनच डोळे ठेवून कापलं. दोन्ही वर्षं नुसता पाला.

मी कधी कात्री हातात धरली नाही. मी शाळेत, तू बागेत, अशी आबांनी वाटणी केली होती. आता मी बागेत आहे आणि शाळेत शिकलेलं काही उपयोगी पडत नाही. हसून घे.

भिंगरी


१४ सप्टेंबर

ताई,

हे पत्र उभ्यानं लिहितेय. खाली बसवत नाहीये.

आज सकाळी आमचा मुकादम रोपवाटिकेत खायच्या द्राक्षाच्या काड्या तयार करत होता. तो हातानं काम करतो आणि तोंडानं जगाला शिव्या देतो, म्हणून मी त्याच्याजवळ बसते, करमणूक होते. तो काडीचं खालचं टोक तिरकं कापत होता आणि वरचं सरळ. तिरकं टोक मातीत.

मी विचारलं, “तिरकं खाली का?”

“मग काय वर? तिरकं म्हणजे खाली, पोरालासुद्धा कळतं. तिरकं मातीत सरळ जातं, पाणीही जास्त पितं. सरळ टोक ठोकायला बरं पडतं.”

आणि ताई, माझा तळहात दुखायला लागला. खरंच दुखायला लागला. मी पाचसहा वर्षांची असताना रोपांच्या वाफ्यात पाय अडकून पालथी पडले होते, आठवतं? तळहातात काडीचं टोक घुसलं होतं. तू मला बखोटीला धरून उठवलंस, पण आधी काड्या मोडल्या का ते बघितलंस आणि मग माझा हात. मातीच्या वर आलेली ती टोकं अणकुचीदार होती. तिरकी होती! आबा वरचं टोक तिरकं कापायचे, पाऊस त्यावर साचू नये म्हणून, आणि खालचं सरळ. तूही तसंच कापून पाठवलंस. दुसरं कसं कापशील?

मी मुकादमाला म्हटलं, “आमच्या काड्या लावताना कुठलं टोक खाली घातलं होतं?”

“तिरकं,” तो म्हणाला. मग त्याच्या हातातली कात्री थांबली.

“डोळे कुठल्या दिशेला आहेत ते बघितलं नाही?”

“त्या गरम पाण्यातून निघालेल्या काड्या, बाई. डोळे चिकटलेले, सगळं काळंभोर. एका दिवसात माणसांनी सगळं रान लावलं. कोण बघत बसतंय?”

कुंपणाच्या कडेला तेव्हाची एक मेलेली ओळ तशीच राहिली होती. तिथे काही लावायचं नव्हतं म्हणून कुणी उपटली नव्हती. आम्ही दोघं धावलो. एक काडी उपटली, दुसरी उपटली, सगळी ओळ उपटली. सगळ्यांचं तिरकं टोक मातीत, सगळ्यांचे डोळे पाताळाकडे. सगळ्या डोक्यावर उभ्या, ताई. आणि ती एक जुडी जगली, कारण ऑफिसनं तिची दोन्ही टोकं सरळ कापली होती. मग मात्र माणसांना झक मारत डोळे बघावे लागले.

तुझ्या काड्या जिवंत होत्या. आम्ही त्या उलट्या पुरल्या आणि वर तुझ्यावरच खापर फोडलं. उलटा चोर कोतवालाला दटावतो म्हणतात ते असं.

मुकादम मटकन बसला आणि म्हणाला, “मालकांना सांगू नका.” मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, “झालं गेलं. पण घड त्यानं येणार नाहीत ना?” हेही खरंच.

माझं चुकलं, ताई. एवढं वाक्य लिहायला मला अर्धं पान खराब करावं लागलं. पण तूही एकदा तरी उलटून विचारायचं होतंस की काड्या कशा लावल्या. तू नुसता ठेवलास फोन. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, तुझाही आणि माझाही.

आता तरी आकडा पाठव.

भिंगरी


२ ऑक्टोबर

ताई,

टपालवाला आता मला बघून दुसऱ्या बाजूनं जातो. काल त्याला गाठलंच, तर म्हणाला, “बाई, मी पत्रं आणतो, लिहीत नाही.”

पाणी तोडलंय. पानं हातानं काढायला घेतलीत. बाया ओळीनं बसून पानं खुडतात, गप्पा मारतात, आणि मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या घालते. त्या म्हणतात, “बसा की, बाई, तुमच्या फिरण्यानं आम्हालाच चक्कर येते.”

वाट बघून काही होत नाही म्हटल्यावर मी एक काडी घेऊन बाजारात गेले. आमच्या रस्त्याला टायरच्या दुकानाशेजारी एक घड्याळजी बसतो. त्याच्या डोळ्याला लावायचं भिंग मागितलं. ब्लेडच्या पातीनं एकेक डोळा आडवा चिरला आणि बघितलं. मुकादम सांगतो की घडाचा डोळा असेल तर आत बारीक घड दिसतो, मोहरीहून बारीक. पहिल्या तीनचार डोळ्यांत काहीच नाही. पाचव्या, सहाव्या, सातव्यात काहीतरी दिसलं. पण घड की पानाची घडी, कोण सांगणार? घड्याळजीला दाखवलं. त्यानं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “मला तर सगळीकडे चक्रंच दिसतात.” भिंगाचं भाडं घेतलं नाही त्यानं. चिरलेल्या डोळ्यांचा कचरा मात्र मलाच उचलायला लावला.

मुकादम म्हणतो आठ ठेवा, त्यांच्या खायच्या द्राक्षाला आठ लागतात. मालक म्हणतात पुस्तकात दोन लिहिलंय. माझ्या मनात सहा येतं, पण मन कुणाचं, तर माझं. तुला माहीत आहे माझं मन किती वेळा बरोबर आलंय ते.

तू आबांच्या मागेमागे पंचवीस हिवाळे त्या बागेत हिंडलीस. तुला झोपेतसुद्धा माहीत असणार. तू सांगत नाहीस. माझ्यावर राग काढ, मी त्याला लायक आहे, पण वेलीवर का? तिनं काय घोडं मारलंय तुझं?

छाटणी अकराला आहे.

भिंगरी


११ ऑक्टोबर, सकाळ

ताई,

माणसं चहा पितायत, तेवढ्यात लिहिते. पेटीत कधी पडेल माहीत नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. हे कामानिमित्त बाहेर नसतात. हे गेलेत. गेल्या वर्षी दुसऱ्यांदा नुसता पाला आला तेव्हाच गेले. बाटल्यांच्या कारखान्यात मोठी जागा मिळाली शहरात. जाताना म्हणाले, “तशीही ती द्राक्षं आंबटच असणार.” कोल्ह्याची गोष्ट आपण शाळेत नुसती वाचली, ह्यांनी पाळली. आधी रविवारी यायचे, मग महिन्यानं, आता येत नाहीत. तू माझ्या लग्नात म्हणाली होतीस, “हा बोलतो छान, टिकेल का ते बघ.” म्हणून तुला लिहिलं नव्हतं. तू बरोबर निघालीस की मला अन्न गोड लागत नाही.

तेव्हा या पट्ट्याशिवाय माझ्याकडे इथे काहीच नाही. भीक मागत नाही, नुसतं सांगतेय, म्हणजे तुला कळेल की मी एक आकडा मागण्यासाठी एवढा जीव का काढत होते.

मी सहा ठरवलं आहे. मालकांना सांगितलं, तर म्हणाले, “कशावरून?” मी म्हटलं, “माझ्या घरची वेल आहे.”

पहिली काडी मीच कापणार आहे. तिरपी कापू की सरळ असा विचार आला आणि हसू आलं. वेलीवरच्या काडीला त्यानं काही फरक पडत नाही.


३ नोव्हेंबर

ताई,

घड!

आज सकाळी बघितले. फुटीला चार पानं आलीत आणि चौथ्या पानासमोर इवलासा हिरवा घड, शेंबड्या नाकाएवढा. मी मुकादमाला हाक मारली. तो म्हणाला, “तणावा असेल, वेल आधाराला गुंडाळते ती नुसती तार.” जवळ आला, वाकला, टोपी काढली. मग दोघं ओळीत पळत सुटलो. प्रत्येक वेलीवर नाहीत, पण निम्म्याहून जास्त वेलींवर आहेत. काही फुटींना दोन दोन.

मालक आले, चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, “खायच्या रोपांची ऑर्डर रद्द करतो.” त्यांच्या मानानं हे म्हणजे नाचच.

कुणाला सांगू? ह्यांचा नंबर काढला आणि ठेवून दिला. मग तुलाच लिहायला बसले. तू उत्तर देत नाहीस आणि तरी सांगावंसं तुलाच वाटतं, याला काय म्हणायचं?

सहावा, ताई. सहाव्यावर देते ती घड. तुझ्या मदतीशिवाय कळलं. हे वाक्य मी मुद्दाम लिहितेय, झोंबावं म्हणून.

भिंगरी


१ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र काल आलं. पाकिटावरचं अक्षर बघून आधी हात पुसले, मग खुर्ची ओढली, मग उभी राहिले. तू नेहमीसारखंच मोजून लिहिलंयस. मी ते इतक्या वेळा वाचलं की आता पाठ झालंय.

“तुझी सगळी पत्रं मिळाली. आकडा लिहिला नाही, कारण मला माहीत नाही. आबा दोनवर कापायचे, म्हणून मी दोनवर कापते. का ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. मला माहीत नाही असं तुला लिहायला लाज वाटली.”

एवढंच असतं तरी मी खाली बसले असते. पण पुढचं वाचून तर बसलेच.

“इकडे थंडी पडेनाशी झाली आहे. नोव्हेंबर निम्मा सरला आणि पानं हिरवीच आहेत. गेली दोन वर्षं खालचे डोळे आंधळे निघतात, नुसता पाला येतो. लोक बागा काढून टाकायला लागलेत. तुझ्याकडे हिवाळा नाही, तरी तू तिला निजवलीस. कसं ते सांग. जानेवारीत छाटणी आहे.”

ताई, इतके दिवस मला वाटत होतं की तुला सगळं माहीत आहे आणि तू मुद्दाम सांगत नाहीस. तुला माहीत नाही हे कळलं आणि मी ढसाढसा रडले. मुकादम दारात येऊन विचारायला लागला, “कोण गेलं?” मी म्हटलं, “कुणी गेलं नाही. बहिणीनं प्रश्न विचारलाय.” तो डोकं खाजवत गेला.

ह्यांच्याबद्दल एक अक्षर विचारलं नाहीस. उपकार झाले.

आता उत्तर. इथलं तिकडे लागू पडेल का, मला माहीत नाही. बघ, मीही लिहून टाकलं, ‘माहीत नाही’. मरण येत नाही त्यानं. बागेला पाणी देत असशील तर तोड. काडी हातात घेऊन वाकवून बघ, हिरवी लवली तर अजून कच्ची आहे, कडक तपकिरी झाली की पिकली. प्रत्येक ओळीतून चारदोन काड्या घे आणि डोळे चिरून भिंगातून बघ. घडाचा डोळा बघताक्षणी ओळखू येत नाही, दहा चिरले की यायला लागतो. अर्धी बाग घड दिसेल त्या डोळ्याच्या वर काप आणि अर्धी आबांसारखी दोनवर. म्हणजे माझं चुकलं तर तुझं पोट भरेल, आणि आबांचं चुकलं तर त्यांना बोलायला आपण दोघी आहोत.

आणि ती पानं हातानं काढायला घे, ताई. माणसं मिळाली नाहीत तर एकटी घे, रोज एक ओळ. आपोआप गळतील म्हणून वाट बघत बसू नकोस. मी दोन वर्षं बघितली, ती गळत नाहीत.

तुझी
भिंगरी